दार मी स्वतः लावलं होतं

१

शाळेत खिचडी शिजवायचा मोठा गंज सोमवारी सकाळी तांड्यामागच्या नाल्यात सापडला. पालथा पडलेला, बुडाला दगडानं चेचून भोक पाडलेलं. कोणी उचलून आणू नये, घासून पुन्हा चुलीवर चढवू नये, याची पुरेपूर काळजी घेतलेली. शेजारी पळी, झारा आणि खिचडी शिजवणाऱ्या चंदाबाईचा बसायचा पाट. पाटानं कोणाचं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे.

बातमी आणली शीला सिस्टरनं. ती त्या बंजारा तांड्याची नर्स. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणीची समुपदेशक. तपासणीआधी माणसाला समजावून सांगायचं, रिपोर्ट आला की तो सांगायचा आणि सांगितलेलं पोटात ठेवायचं, हे माझं काम. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. या हकिकतीतली सगळी नावं बदललेली आहेत, एक सोडून. साधना हे नाव माझंच आहे. ते का बदललं नाही, ते वाचता वाचता कळेल.

"मॅडम, चंदाचं फुटलं," शीला दारातच म्हणाली. "काल पोरांच्या मायबापांनी मिटिंग घेतली. तिच्या हातची खिचडी नको म्हणतात. आज तं गंजच फेकून देला."

२००६ चा डिसेंबर होता. कापसानं जिल्ह्याची पार वाट लावली होती आणि पेपरवाले, पुढारी, दिल्लीचे साहेब रोज यवतमाळात उतरत होते. आमच्या दवाखान्यात आले तर विषबाधेच्या वॉर्डात फोटो काढून निघून जायचे. व्हरांड्याच्या टोकाला माझी खोली, तिकडं कोणी फिरकत नसे. मला ते बरंच वाटायचं.

चंदाबाईचा रिपोर्ट पाच जणांना माहीत होता. ती स्वतः. तिचा नवरा देवीलाल, जो दिवाळी झाल्याबरोबर ऊसतोडीला गेला होता. लॅबमधला तनवीर. शीला. आणि मी. पाचांतल्या कोणीतरी तोंड उघडलं होतं. माझा स्वभाव मुळातच तापट. त्या दिवशी तर मस्तकात तिडीक गेली होती.

पण रागापेक्षा मोठी गोष्ट पुढं होती. चंदाबाईला नववा लागला होता. कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळाला औषध, एवढंच तेव्हा आमच्या हातात होतं. पण एवढ्यानंही बाळ त्या आजारातून सुटायची आशा बरीच वाढायची. त्यासाठी बाळंतपण दवाखान्यात व्हायला हवं होतं.

शीलाला घेऊन मी तडक रहेमानभाईची जीप धरली. रहेमान त्या रस्त्यावर वडाप चालवायचा, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. त्या दिवशी तर तो वाटभर एक अक्षर बोलला नाही.

चंदाबाई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून तिनं सूप बाजूला सारलं नाही.

"तू म्हनली होती ना बाई, तुह्या खोलीच्या भायेर जाणार नाही म्हणून? मंग गेलं कसं?"

"ते मी शोधते. तू आधी दवाखान्यात यायची तयारी कर. तारीख जवळ आली."

"मी नाही येत."

"मग निदान गोळी तरी घरात ठेव."

"नेय ते परत. उद्या गोळीबी वळखतीन लोक." तिनं शेंग मोडली. "ज्यानं सांगतलं त्याचं नाव आण. त्याच्या तोंडावर थुकतो, मंग येतो तुह्यासंग. नाही तं याडी हाय घरी. करीन माही बाळंतपण."

तिची आई मागं उभी होती. तिनं मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची, ते मला कळलं नाही.

परतताना हापशीपाशी गंगी दिसली. विशीची पोर, नवं लग्न. नवरात्रात चंदाबाईच्या सोबतीला म्हणून दवाखान्यात आली होती. मीच म्हटलं, आलीच आहेस तर तूही तपासून घे. रिपोर्ट चांगला आला होता. आता ती पाण्याचा रिकामा गुंड घेऊन लांब उभी होती, आणि बाकीच्या बायका तिला पुढं येऊ देत नव्हत्या.

"बाई, मलेबी तेच हाय म्हणतात," ती म्हणाली. "नवऱ्यानं मावशीच्या झोपडीत आणून सोडलं. तू तं म्हनली होती, काही नाही मले."

"काहीच नाही तुला. मी कागद देते," मी म्हटलं आणि जीपमध्ये बसले. चंदाबाईच्या बाळापुढं मला तेव्हा दुसरं काही दिसत नव्हतं. गंगीच्या बोलण्यातच सगळं उत्तर होतं, आणि मी ते हापशीपाशी टाकून निघून आले.

२

तनवीरवर संशय घ्यायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

कारण काय? देवीलाल स्वतःच्या घरावर धोंडा कशाला पाडून घेईल? शीलाला मी दहा वर्षं ओळखत होते. माझी तर मला खात्रीच होती. गुपित कसं राखावं हे माझ्याकडून शिकून जावं, अशी माझी घमेंड होती. मी कोणाला नावानं हाक मारत नसे, नंबर पुकारायचे. आत आलेल्या प्रत्येकासाठी दार लावून घ्यायचे, रिपोर्ट चांगला असो की वाईट. प्रत्येकाला सारखा वेळ, घड्याळ लावून बारा मिनिटं. कागद सगळ्यांना एकाच रंगाच्या पाकिटात. ज्यांना जास्त धीर द्यावा लागायचा, त्यांच्यासाठी फाटकाशी टपरी असलेल्या सुखीबाईला खिडकीतून हाक मारून दोन कप चहा मागवायचे. सुखीबाई बाकी सगळ्यांना काचेच्या गिलासात चहा द्यायची, माझ्या खोलीत मात्र हिरव्या काठाचे दोन चिनी मातीचे कप पाठवायची. मॅडम म्हणून माझा मान ठेवते, असं मला वाटायचं.

राहिला तनवीर. सगळे रिपोर्ट त्याच्या हातून जात. कंत्राटी नोकरी, वय अठ्ठावीस, चार लोकांत ऊठबस. सोमवारी दुपारीच मी मोठ्या डॉक्टरांकडे लेखी तक्रार दिली. मंगळवारी त्याला लॅबमधून उठवून स्टोअरमध्ये बसवलं, आणि शनिवारी त्याच्या कंत्राटाचा निकाल लागणार, असं ठरलं.

तो माझ्या खोलीत आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, तांड्यावर दोघींचं नाव घेऊन राह्यले ना लोक? चंदाबाई आणि गंगी?"

"हो. मग?"

"गंगीचा रिपोर्ट मीच काढला. साफ आहे. मला बोलायचंच असतं, तर जिला काहीच नाही तिचं नाव कशाला घेतलं असतं?"

"ज्यानं सांगितलं," तनवीर दाराकडं वळत म्हणाला, "त्यानं रिपोर्ट पाहिलेलाच नाही, मॅडम."

३

रात्रभर मला डोळा लागला नाही. तनवीरचं बोलणं खरं होतं. रजिस्टर पाहिलेला माणूस गंगीचं नाव घेणार नाही. शीलाला फक्त चंदाबाईचं माहीत होतं, गंगीबद्दल तिच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतंच. देवीलालचंही तेच. म्हणजे पाचही जण सुटले. ज्यानं हे फोडलं, त्यानं कागद पाहिला नव्हता, दुसरंच काहीतरी पाहिलं होतं. आणि ते दुसरं काहीतरी चंदाबाई आणि गंगी, दोघींच्या बाबतीत सारखं होतं.

बुधवारी सकाळी मी रजिस्टरातलं दोघी आल्या त्या दिवसाचं पान काढलं. सप्टेंबरअखेरचा मंगळवार. त्या वर्षी नवरात्र आणि रमजान एकाच आठवड्यात बसले होते. तांड्यावरच्या सहा बायका, आणि ड्रायव्हर लोकांच्या मोहिमेत आलेला एक पुरुष. सात जण. सातही जणांसाठी दार लावलेलं. सातही जण बारा मिनिटं आत. मग तांड्यानं सहांतल्या दोघीच कशा काढल्या? बाकीच्या चौघी हापशीवर आरामात पाणी भरत होत्या.

पानावर नजर लावून बसले होते, तेवढ्यात दारात रहेमानभाई उभा राहिला. आत येऊन त्यानं स्वतःच दार लावलं.

इथं सांगते, त्या दिवशीचा तो सातवा माणूस म्हणजे रहेमान. त्याचा रिपोर्ट चंदाबाईसारखाच होता. हे लिहायला त्यानं पुढं मला स्वतःच्या सहीनं परवानगी दिली, म्हणून लिहिते आहे.

"तांड्यावरचं पाहिलं मॅडम," तो हळूच म्हणाला. "दोन रात्री झोपलो नाही. माझं नाव तर नाही ना कुठं? नुजहतची मंगनी आहे पुढच्या महिन्यात. अन् माझ्या जीपमध्ये माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. कळलं तर कोण बसंल?"

"कोणी काही बोललं का तुम्हाला?"

"नाही. तांड्यावरच्याच बाया काल जीपमध्ये होत्या. मला किस्सा सांगत होत्या चंदाबाईचा. माझ्याच जीपमध्ये बसून."

मी चक्रावले. त्याच दिवशी, त्याच खोलीत, तोच रिपोर्ट. तरी त्याच्यावर कोणाचा संशयही नाही. जिला आजार नाही तिचं नाव झालं, आणि ज्याला आहे त्याचं झालं नाही. त्यानं उठून दाराची कडी पुन्हा तपासली.

"बसा रहेमानभाई. चहा सांगते."

तो कसंनुसं हसला. "त्या दिवशीबी तुम्ही हेच म्हटलं होतं. रोजा होता म्हणून राहून गेला. आज पितो."

मी खिडकीशी गेले होते. सुखीबाईला हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण रहेमानचा 'रोजा' मध्येच आडवा आला.

चंदाबाईसाठी मी चहा मागवला होता, रिपोर्ट सांगण्याआधी. आणि गंगीसाठीही. ती नवरात्राच्या उपासाची होती, रक्त घेतल्यावर तिला घेरी आली, डोळे फिरले. उपासाला चहा चालतो म्हणाली, म्हणून साखर जास्त घालायला सांगून दोन कप मागवले. बाकीच्या चौघींना चहा नव्हता. रहेमानला विचारला होता, त्यानं घेतला नव्हता.

"काय झालं मॅडम?" रहेमाननं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा नको. इथं नको." आणि तो पाहतच राहिला, मी चपला न घालता बाहेर पडले.

४

सुखीबाईच्या टपरीवर मी दोन वर्षं कधी उभी राहिले नव्हते. चहा खोलीत यायचा, पैसे महिन्याला जायचे. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

समोर काचेचे गिलास, पाण्याची बादली, त्यात बुचकळून काढायचे की झालं. आणि मागच्या लाकडी बल्लीला दोन खिळे. त्या खिळ्यांवर हिरव्या काठाचे दोन कप, कानाला धरून टांगलेले. खाली वेगळा डबा, वेगळं पाणी, वेगळी राखुंडी.

"सुखीबाई, चहा द्या. त्या कपात."

"इथं? खोलीतच पाठवतो ना मॅडम."

"इथंच द्या. आणि त्या दुसऱ्या कपात तुम्ही घ्या."

तिचा हात केटलीवर थांबला. साठीची बाई, एकटीनं टपरी ओढणारी. माझ्या वडिलांच्या आजारपणात रोज दूध पाठवलं होतं तिनं.

"तुमची गोष्ट निराळी मॅडम. तुमी शिकलेल्या हा. मी त्या कपात नाही पेत."

"काहून?"

"आता काय सांगू तुमाले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी साऱ्यायले थोडीच चहा पाजता? ज्याले पाजता, थो रडतच भायेर येते. पयल्या महिन्यातच समजलं मले. मंग म्या दोन कप अलग केले. गिऱ्हाईक तुटलं असतं ना. म्या कोणाचं नाव घेतलं नाही, माह्या लेकराची आण."

"मग तांड्यावर कसं गेलं?"

"शुक्रवारी तुमची रॅली होती ना, एड्स दिनाची. तुमी भाषण देलं, चित्रं दाखवले. ते उरकून तांड्याच्या साऱ्या बाया इथं चहाले आल्या. गिलास कमी पडले. एकीनं खिळ्यावरचा कप काढला, तं म्या म्हनलं, थो नको घेऊ, थो मॅडमच्या बिमारवाल्यायचा हाय." ती खाली पाहू लागली. "मंग त्या एकमेकीकडं पाहत राह्यल्या. त्यायनं पाह्यलंच होतं ना, नवरात्रात थे कप कोणाच्या टायमाले आत गेले. व्हरांड्यातच बसल्या होत्या साऱ्या."

मी तिथंच बाकावर बसले.

माझ्या वडिलांचं नाव भीमराज. त्यांच्या लहानपणी गावातल्या हॉटेलाबाहेर खिळ्याला एक कप टांगलेला असायचा, आमच्या लोकांचा. तो स्वतः काढायचा, लांबून चहा ओतून घ्यायचा, पिऊन स्वतः धुवायचा आणि पुन्हा टांगायचा. धर्म बदलला, शिकले, मास्तर झाले, पण कोणाच्या घरी चहा पुढं आला की ते कपाचा कान आधी निरखून बघायचे. मी या नोकरीला लागले तेव्हा ठरवलं होतं, ज्याला हा रिपोर्ट सांगेन त्याच्यासोबत आधी चहा पिईन. एका ट्रेमधून, त्याच्यासमोर. म्हणजे न सांगता त्याला कळेल की माझ्या लेखी तो बाटलेला नाही. 

वडिलांचा कप मी खिळ्यावरून काढायला निघाले होते. आणि दोन वर्षं माझ्याच खिडकीसमोर तो टांगलेला होता, आणि मी त्याला मान समजत होते.

रजिस्टरात सतरा माणसं अशी होती, जी एकदा रिपोर्ट घेऊन गेली ती पुन्हा आलीच नाहीत. त्यांच्यापुढं मी माझ्या अक्षरात 'बेफिकीर' असा शेरा लिहिला होता. खोलीत जाऊन मी ती सतराही नावं वाचली. सतराही जणांनी माझा चहा घेतला होता.

चंदाबाईला नाव हवं होतं. नाव सापडलं होतं.

५

गुरुवारी मी तक्रार मागं घेतली आणि दुसरी दिली, स्वतःविरुद्ध. मोठ्या डॉक्टरांनी ती दोनदा वाचली.

"मॅडम, तुम्ही कोणाला सांगितलं का?"

"नाही."

"कागद दाखवला?"

"नाही."

"मग चहा पाजला, हे मी कोणत्या नियमात बसवू?" त्यांनी कागद परत माझ्याकडं सरकवला. "जा, कामाला लागा. तनवीरला लॅबमध्ये बसू द्या."

तनवीर स्टोअरमध्ये सुयांचे खोके मोजत होता. मी त्याची माफी मागितली, सगळ्या स्टाफसमोर मागितली. तो ऐकून घेत होता.

"ठीक आहे मॅडम. एकच सांगा. पाच जण होते ना? माझंच नाव पहिलं काहून आलं तुमच्या मनात?"

उत्तर मला माहीत होतं आणि त्यालाही. भीमराज मास्तरांच्या मुलीनं ते उत्तर द्यायला तोंड कुठून आणायचं होतं?

दुपारी रहेमानची जीप घेऊन तांड्यावर गेले. शीला येते म्हणाली, मी नको म्हटलं. चंदाबाईचं पोट खाली उतरलं होतं, पायांवर सूज होती. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. चहा, कप, खिळा, रॅली. सुखीबाईचं नाव घेतलं नाही, कारण कप तिनं टांगले असले तरी ते कोणाच्या हातात द्यायचे, ते मीच ठरवत होते.

"म्हणजे कोणी?" चंदाबाईनं विचारलं.

"मी."

तिची आई आत भांड्यांचा आवाज करत होती, तो थांबला.

"थुंकायचं म्हणाली होतीस," मी म्हटलं. "थुंक. पण गाडीत बस. बाळाचा काही गुन्हा नाही."

ती भिंतीला धरून उठली. आत गेली. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं चूल फुंकल्याचा आवाज आला, धूर आला, आणि ती जर्मनच्या गंजुलीत कोरा चहा आणि एक गिलास घेऊन बाहेर आली.

"दार लावून पेली होती ना माह्यासंग?" ती म्हणाली. "आता भायेर पी."

ती पुढं, मी मागं. हापशीपाशी, जिथं सगळ्या बायका पाण्याला उभ्या होत्या, तिथल्या ओट्यावर ती बसली. गिलासात चहा ओतला. आधी स्वतः घोट घेतला, मग तोच गिलास माझ्यापुढं केला. मी प्यायले. चहा कढत होता आणि गुळाचा होता, आणि मी रडत होते. हापशीचा दांडा थांबला होता.

रहेमान जीपमधून उतरला. सावकाश चालत आला आणि ओट्याच्या कडेला बसला.

"मलाबी द्या घोटभर," तो म्हणाला. "आता रोजा नाही."

त्या एवढ्या लोकांत त्याचा अर्थ फक्त मला कळला. चंदाबाईनं त्याला त्याच गिलासात दिला.

गंगी मावशीच्या दारात उभी होती. मी तिला हाक मारली, ये म्हटलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा गिलासाकडं. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

चंदाबाई मात्र जीपमध्ये बसली. थुंकली नाही. वाटभर माझ्याशी बोललीही नाही.

६

आठव्या दिवशी तिला मुलगी झाली. गोळी वेळेवर पोचली, बाळालाही औषध मिळालं. दीड वर्षानं मुलीची तपासणी केली, रिपोर्ट साफ आला. तनवीरनं तो स्वतः आणून दिला. चंदाबाईला खिचडीचं काम कोणी परत दिलं नाही. पुढं ती आमच्याच केंद्रावर नव्या लोकांना धीर द्यायला येऊ लागली.

ते दोन कप मी सुखीबाईकडून मागून घेतले. ती मुकाट्यानं देऊन मोकळी झाली. नंतर पुन्हा कधी मी खोलीत चहा मागवला नाही. ज्यांना गरज असेल त्यांना घेऊन टपरीवर जायचे, आणि बरोबर व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांना न्यायचे. सतरांपैकी नऊ जणांची घरं मी शोधली. त्यातल्या चार घरांत ते माणूस जिवंत उरलं नव्हतं.

अकरा वर्षांनी कायदा आला. संमतीशिवाय कोणाचा रिपोर्ट फोडणं हा आता गुन्हा आहे, कामावरून काढणं, वाळीत टाकणं हाही. चांगला कायदा आहे. मी तो ओळ न् ओळ वाचला, स्वतःला शोधत. कोणत्याच कलमात मी सापडले नाही.

गंगीच्या नवऱ्याला मी तेव्हाच जाऊन भेटले होते. तपासणी पुन्हा केली, शिक्क्याचा कागद नेला. त्यानं तो उलटसुलट पाहिला.

"कागद तुहाच," तो म्हणाला, "अन् चहाबी तुहाच. कोणतं खरं धरू?"

त्यानं दुसरं लग्न केलं. गंगी मावशीसोबत ऊसतोडीला गेली ती बरीच वर्षं दिसली नाही.

मागच्या वर्षी दारव्ह्याच्या बाजारात भेटली. मिरच्यांचा ढीग लावून बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले, अंगानं ठणठणीत. मला ओळखलं. मी खाली बसले आणि इतकी वर्षं घोकून ठेवलेली माफी मागितली, पहिल्या दिवशी हापशीपाशी तिचं ऐकून घेतलं नाही त्याचीसुद्धा.

तिनं मिरच्या तोलल्या, एका गिऱ्हाइकाला दिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"मी उपाशी होतो बाई त्या दिवशी. बस, तेवढंच झालतं मले."